फायबरचा भाग बनवून घेण्यापूर्वी: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नाशिक परिसरातील सातपूर, अंबड आणि सिन्नरच्या कारखान्यांतून आमच्याकडे यंत्रांची कव्हरे, विद्युत पॅनेलच्या पेट्या, रसायनांच्या टाक्या अशी कामे येतात, आणि द्राक्षबागायतदार फवारणी यंत्रांचे भाग घेऊन येतात. बहुतेकांची पहिली मागणी ‘पत्र्याचा आहे तसाच फायबरमध्ये करून द्या’ अशी असते. तसाच भाग करणे मात्र योग्य नसते.

फायबरचा भाग म्हणजे काचतंतूंची मॅट (चटईसारखे थर) रेझिन या घट्ट होणाऱ्या द्रवात भिजवून केलेले लॅमिनेट. मॅटचे हाताने केलेले असे लॅमिनेट पोलादापेक्षा कितीतरी हलके असते आणि गंजत नाही, पण त्याचा ताठपणा पोलादाच्या सुमारे पंचविसावा ते तिसावा हिस्साच असतो. म्हणून 2 मिमी पत्र्याइतका कमी वाकणारा सपाट भाग हवा असेल, तर फायबर सुमारे 6 मिमी जाड घ्यावे लागते, आणि तरीही त्याचे वजन पत्र्यापेक्षा जवळपास 40 टक्क्यांनी कमी भरते. सगळीकडे जाडी वाढवण्यापेक्षा मागच्या बाजूने रिब (आधाराच्या उभ्या पट्ट्या) देणे आणि कोपरे गोलसर ठेवणे आम्हाला अधिक योग्य वाटते, कारण काटकोनी कोपऱ्यात मॅट नीट बसत नाही आणि तिथे हवा अडकते.

भागाची ताकद तंतूंत असते. रेझिन तंतूंना जागी धरून ठेवते आणि भार एका तंतूकडून दुसऱ्याकडे पोचवते. जास्त रेझिन म्हणजे जास्त मजबुती, हा समज चुकीचा आहे, कारण जादा रेझिनने भाग जड आणि ठिसूळ होतो व घट्ट होताना अधिक आक्रसतो. हाताने केलेल्या मॅटच्या कामात वजनाने साधारण 30 टक्के काच असते, तर विणलेले कापड वापरून व्हॅक्यूमखाली रेझिन ओढून घेतल्यास हे प्रमाण 60 टक्क्यांच्या वर नेता येते. भार पेलणाऱ्या भागांसाठी आम्ही दुसरी पद्धत सुचवतो. साध्या कव्हरसाठी तिचा खर्च करण्याची गरज नाही.

रेझिनची निवड वापरावरून ठरते. आम्लाच्या टाकीला व्हिनाइल एस्टर, सतत पाण्यात राहणाऱ्या भागाला आयसोफ्थॅलिक पॉलिएस्टर आणि घरातल्या साध्या कव्हरला सर्वसाधारण पॉलिएस्टर पुरते. म्हणून टाकीत काय भरणार, किती तापमानाला आणि ती उन्हात राहणार का, हे मागणीपत्रातच लिहावे.

तारीख ठरवताना नाशिकच्या हवेचा विचार करावा लागतो. थंडीत रात्रीचा पारा 10 अंशांखाली गेला की पॉलिएस्टर घट्ट होण्याची क्रिया मंदावते, आणि हार्डनर (रेझिन घट्ट करणारे रसायन) वाढवून ती रेटणे आम्हाला मान्य नाही. आम्ही खोली ऊबदार ठेवतो आणि साच्यातून काढलेला भाग गरजेनुसार सुमारे 80 अंशांवर काही तास भाजतो. पावसाळ्यात दमट हवेत उघडी पडलेली मॅट ओलावा धरते, म्हणून ती बंद पिशवीतून कामाच्या वेळीच काढतो. या दोन्ही काळात दोन-चार दिवस जास्त धरावेत.

माल घेताना जेलकोटच्या (बाहेरच्या गुळगुळीत थराच्या) चकाकीवर समाधान मानू नये. भाग उलटा करून मागची बाजू उजेडात पाहावी: पांढुरके कोरडे ठिपके दिसले, तर तिथे तंतू रेझिनने भिजलेले नाहीत. नंतर नाण्याने सर्वत्र हलके ठोकत जावे. आवाज एकाएकी बद्द झाला, तर आत थर सुटल्याची किंवा पोकळीची शक्यता असते. बारकोल या कठीणता मोजणाऱ्या यंत्रावर पॉलिएस्टरच्या भागाची कठीणता साधारण 35 ते 40 च्या वर यावी. शंका असल्यास नमुन्याचा तुकडा भट्टीत सुमारे 565 अंशांवर जाळून दाखवतो. रेझिन जळून जाते, काच उरते आणि तिचे वजन करता येते. काचेसोबत पांढरी भुकटी उरली, तर स्वस्ताईसाठी चुनखडीच्या भुकटीसारखे भरण घातले असण्याची दाट शक्यता असते.

जागेवर भोक पाडल्यास किंवा कड कापल्यास उघडे पडलेले तंतू त्याच दिवशी रेझिनने बंद करावेत, नाहीतर तिथून पाणी आत शिरते. त्यासाठी लागणारे थोडे रेझिन आणि हार्डनर मालासोबत वेगवेगळ्या बाटल्यांत दिले जाते.