संदर्भ दालनात आलेली नवी इतिहाससाधने : वाचकांसाठी माहितीपत्रक

सस्नेह नमस्कार.

दुकानामागच्या संदर्भ दालनात मराठ्यांच्या इतिहासाचे दोन मोठे संच दाखल झाले आहेत : इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ (22 खंड, पहिला 1898 सालचा) आणि गो. स. सरदेसाई यांनी संपादित केलेले पेशवे दफ्तरातील निवडक कागद (45 खंड, 1930 च्या दशकातले).

या ग्रंथांत सलग गोष्ट मिळणार नाही. मूळची मोडी पत्रे इथे देवनागरीत छापलेली आहेत. कुणी रसद मागतो आहे, कुणी कर्ज फेडायला मुदत मागतो आहे, कुणी छावणीतली खबर कळवतो आहे. चरित्रे आणि कादंबऱ्या कुठेही मिळतात. ज्या कागदांवर त्या उभ्या राहतात ते कागद आमच्या वाचकांना सहज बघता यावेत, म्हणून हे संच आधी घेतले. नवख्यांनी राजवाड्यांच्या पहिल्या खंडापासून सुरुवात करावी. त्यात 1750 ते 1761 या काळातली पत्रे आहेत. प्रस्तावना मोठी आहे, पण ती गाळू नका.

बहुतेकांचे घोडे अडते ते सालापाशी. पत्रात ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असे दिसले की घाबरू नये. इहिदे 1, सितैन 60, मया 100, अलफ 1000, मिळून 1161. हा सुहूर सन, म्हणजे मराठी कागदपत्रांतली अरबी अंकनावांची कालगणना; तो मृग नक्षत्र लागले की सुरू होतो. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या पत्राला त्यात 599 मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत 600. पानिपतची लढाई 14 जानेवारी 1761 ची, म्हणजे 1161 अधिक 600. पत्रावर संपादकांनी दिलेली इंग्रजी तारीख आधाराला घ्या, तरी एकदा स्वतः ताडून बघा. जंत्री, म्हणजे जुन्या-नव्या तारखांचा मेळ दाखवणारी कोष्टके, टेबलावरच ठेवली आहे.

आपल्या घराण्याचा उल्लेख शोधायला येणारे पुष्कळ आहेत. त्यांना आग्रहाने सांगणे की नुसत्या आडनावावर भिस्त ठेवू नका. नाना फडणीस या कागदांत ‘बाळाजी जनार्दन’ म्हणून भेटतात, महादजी शिंदे ‘पाटीलबावा’ म्हणून. आजोबा-पणजोबांची नावे, मूळ गाव आणि वतन कोणते होते एवढे ठाऊक असले, तर शोध पुष्कळ सोपा होतो.

खंड घरी नेता येणार नाहीत. झेरॉक्सही मिळणार नाही : जुना कागद ठिसूळ झालेला असतो आणि पुस्तक काचेवर उपडे दाबले की शिवण सुटते. मोबाइलवर फ्लॅश न लावता फोटो जरूर काढा. त्यासाठी शुल्क नाही. टिपणे काढायला पेन्सिलच वापरा.

येताना व्यक्ती, गाव आणि साधारण काळ एका कागदावर लिहून आणा. कोणता खंड आधी उघडायचा, हे आम्ही तुमच्याबरोबर बसून ठरवू.