‘एक ठेवून दे, परत वाट्याला जाणार नाही’

दादागिरी करणारं पोर आतून भित्रंच असतं, एक ठेवून दिली की शेपूट घालतं, हा घरोघरी मिळणारा सल्ला चुकीचा आहे. स्वीडिश-नॉर्वेजियन मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांनी १९७०च्या दशकापासून शाळकरी मुलांचा अभ्यास केला. त्रास देणारी मुलं त्यांना भेदरलेली आढळली नाहीत. ओल्वेयस यांच्या व्याख्येनुसार दादागिरीत त्रास पुन्हापुन्हा होतो आणि बळ असमान असतं. मग ज्याचं बळच कमी, त्याला ‘तूही मार’ सांगून काय साधणार? वर शाळेची चिठ्ठी बहुधा त्याच्याच नावाने येते!

मुलाचा डबा तसाच परत येतोय? त्याला कुणी त्रास देत असेल. ‘मधल्या सुट्टीत कुणाबरोबर बसतोस?’ एवढंच विचारा. दिवस, जागा टिपून वर्गशिक्षकांना भेटा. समोरच्या पालकांना गेटवर गाठू नका. शाळेने दाद दिली नाही, तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे.