काळ्या दारूचे जुने रिव्हॉल्व्हर आणि स्मोकलेस काडतुसं

19व्या शतकातले बहुतेक रिव्हॉल्व्हर काळ्या दारूसाठी बनले. ही दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक यांचं मिश्रण, साधारण 75, 15, 10 या प्रमाणात. कोल्टचं रिव्हॉल्व्हरचं पेटंट 1836 चं, तेव्हा दारू आणि गोळी सिलिंडरच्या, म्हणजे फिरणाऱ्या गोल भागाच्या, प्रत्येक घरात समोरून ठासून भरायची आणि मागे ठिणगी देणारी छोटी टोपी बसवायची. आरपार भोक असलेल्या सिलिंडरचं रॉलिन व्हाइटचं पेटंट स्मिथ अँड वेसनकडे होतं, ते 1869 ला संपलं आणि मग धातूच्या काडतुसाचे रिव्हॉल्व्हर सगळेच बनवायला लागले. 1873 चा कोल्ट सिंगल अॅक्शन आर्मी त्यातलाच, त्याच्या .45 काडतुसात मुळात 40 ग्रेन (ग्रेन हे वजनाचं छोटं माप) काळी दारू मावायची.

काळ्या दारूचा त्रास म्हणजे धूर आणि काजळी. जळल्यावर तिचा निम्म्याहून जास्त भाग घनरूपात मागे उरतो, तो हवेतलं पाणी ओढून घेतो आणि लोखंड गंजवतो, शिवाय सिलिंडर आणि नळीच्या मधल्या फटीत साचला की सिलिंडर फिरेनासा होतो. म्हणून वापर झाला की गरम पाण्याने धुणं आलंच.

1884 मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएयने नायट्रोसेल्युलोजपासून धूर न करणारी म्हणजे स्मोकलेस दारू बनवली, पुढे नोबेलची बॅलिस्टाइट आणि ब्रिटिशांची कॉर्डाइट आली. आता खरा मुद्दा, जो लोकांच्या लक्षात येत नाही. काळी दारू कमी-जास्त दाबाखाली साधारण एकाच वेगाने जळते, पण स्मोकलेस दारू दाब वाढला की अजून जोरात जळते आणि त्याने दाब परत वाढतो. त्यात ती लागते थोडीशीच, काडतूस बरंचसं रिकामं राहतं, त्यामुळे चुकून दुप्पट भरली तरी बाहेरून कळत नाही. काळ्या दारूत ही भीती फारशी नसते कारण काडतूस आधीच गच्च भरलेलं असतं.

जुन्या फ्रेम आणि सिलिंडर लोखंडाचे किंवा मऊ पोलादाचे, स्मोकलेसचा दाब डोळ्यासमोर ठेवून ते केलेलेच नव्हते. कोल्टनेही सिंगल अॅक्शन आर्मीला स्मोकलेससाठी हमी दिली ती 1900 च्या सुमारास. आणि घोळ असा की काडतुसाचं नाव आणि माप तेच राहिलं. .44-40 या काडतुसाच्या नावातला 40 हा आकडाच काळ्या दारूच्या ग्रेनचा, पण त्याच मापात 1892 च्या विंचेस्टर रायफलसाठी जास्त जोराची काडतुसं निघाली, ती रिव्हॉल्व्हरमध्ये वापरू नका असं खोक्यावर छापायला लागलं. काडतूस घरात नीट बसलं म्हणजे बंदूक ते सोसेल असं अजिबात नाही!

अमेरिकेच्या 1968 च्या कायद्यात 1898 किंवा त्याआधी बनलेली बंदूक अँटिक धरतात. पण ही कायद्याची रेघ आहे, धातूची नाही. 1898 च्या आतलेही काही रिव्हॉल्व्हर स्मोकलेससाठीच बनलेले, जसं रशियाचा 1895 चा नागां, त्यामुळे नुसतं साल बघून ठरवू नये, मॉडेल, सीरियल नंबर आणि प्रूफचे (दाबाच्या चाचणीत उतरल्याचे) शिक्के बघावेत आणि जाणकार गनस्मिथकडून तपासून घ्यावं.