शिस्टुरा हिरण्यकेशी

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आंबोली येथे हिरण्यकेशी मंदिराच्या कुंडात आढळणारा गोड्या पाण्यातील लहान मासा. स्थानिक नाव ‘देवाचा मासा’. नेमाकायलिडी कुलातील शिस्टुरा प्रजातीची ही जाती २०२० मध्ये जयसिंहन प्रवीणराज, तेजस ठाकरे व शंकर बालसुब्रमण्यन यांनी शास्त्राच्या नोंदीत आणली. मंदिरालगतच्या गुहेतून हिरण्यकेशी नदी उगम पावते. जातीचे नाव तिच्यावरूनच आले. देवस्थानच्या पाण्यात पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या डोळ्यांसमोर असलेला हा मासा शास्त्राला इतक्या उशिरा दिसला, हे विशेष.

शिस्टुरा व तिच्या नात्यातील माशांना ‘लोच’ म्हणतात. ओढ्याचे पाणी वरून कितीही धावत असले, तरी तळाच्या दगडांशी घर्षण होऊन तिथे त्याचा वेग कमी पडतो. लोच राहतो तो या संथ थरात. पोट चपटे, छातीचे पंख आडवे पसरलेले, शरीर लांबट. इतर माशांना तरंगत ठेवणारी हवेची पिशवी इथे आखडून हाडाच्या कोशात बंद झालेली असते, त्यामुळे पोहणे थांबवताच मासा तळाशी बसतो. तोंड खालच्या बाजूस. त्याभोवतीच्या मिशांच्या तीन जोड्यांनी तो दगडगोट्यांतील कीटकांच्या अळ्या चाचपतो. दगडाला घट्ट चिकटण्याची चकती मात्र त्याला नसते. पंख जोडून तशी पकड घेणारे मासे बॅलिटोरिडी या दुसऱ्या कुलातले.

तळ सोडून दूर न जाणाऱ्या माशाला शेजारचा ओढासुद्धा परमुलूखच. म्हणून पश्चिम घाटात ओढ्याओढ्यांत वेगळी जाती निपजते आणि वरवर सारख्या दिसणाऱ्या माशांत ती लपून राहते. मत्स्यशास्त्रज्ञ फ्रान्सिस डे यांनी १८७२ मध्ये पुण्याच्या माशांवरून वर्णन केलेल्या लोचच्या, म्हणजे आताच्या इंडोरिओनेक्टेस एवेझार्डी या नावाखाली प्रत्यक्षात अनेक जाती एकत्र मोजल्या जात होत्या, असे अलीकडच्या अभ्यासांतून दिसले आहे. त्याच प्रजातीच्या दोन नव्या जाती २०२१ मध्ये उत्तर पश्चिम घाटातून नोंदवल्या गेल्या.

अशा माशाला पूर आला तरी चालतो, पण गाळ चालत नाही: गोट्यांमधल्या फटी बुजल्या की अळ्याही जातात आणि आसराही. देवाच्या माशाचा अधिवास असलेले कुंड व परिसर, २.११ हेक्टर, महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केले.