मानेवर सैल पडलेला लगाम

दत्तजयंतीच्या यात्रेत, सारंगखेड्याच्या घोडेबाजारात मी हौसेने एका घोडीवर चढलो. लगाम दोन्ही हातांनी आवळलेला, मांड्या लाकडासारख्या. घोडी कान मागे टाकून जागच्या जागी नाचायला लागली. व्यापाऱ्याने हसत मला उतरवलं. "भाऊ, तू घाबरना म्हनीसन घोडी घाबरनी." म्हणजे तू घाबरलास म्हणून घोडी घाबरली. मग तो स्वतः चढला, लगाम सैल सोडला आणि तीच घोडी रेवाळ, म्हणजे स्वाराला न हिंदकळवणाऱ्या, चालीने निघाली.

2009 साली प्रसिद्ध झालेला एक स्वीडिश प्रयोग त्याच्या बाजूने बोलतो. माणसं घोड्यावर बसून किंवा त्याला धरून एकच वाट चार वेळा चालली. शेवटच्या फेरीआधी त्यांना सांगितलं, आता वाटेत छत्री उघडणार. छत्री उघडलीच नाही, तरी माणसांच्या छातीचे ठोके वाढले, आणि घोड्यांचेही. घोड्याला छत्रीचं कोण सांगणार? पळून जीव वाचवणारं हे कळपातलं जनावर शेजाऱ्याच्या ताठलेल्या अंगावरूनच धोका ओळखत असावं.

थोरल्या बाजीरावांची एक आख्यायिका आहे. निजामाने त्यांचं चित्र काढायला चितारी पाठवला. त्याने काय रेखाटलं? घोडा बांधायचे अगाडी-पिछाडीचे दोर तोबऱ्यात, म्हणजे चंदीच्या पिशवीत, कोंबलेले, भाला खांद्यावर, आणि दोन्ही तळव्यांत जोंधळ्याची कणसं चोळून खाणारा स्वार. सगळे साधेपणावर खूश होतात. माझी नजर मात्र लगामावर जाते. हात कणसात, म्हणजे तो घोड्याच्या मानेवर सैल पडलाय.

गेलेल्या माणसाला मानसशास्त्राची प्रश्नावली देता येत नाही, आणि आख्यायिका म्हणजे पुरावा नव्हे. पण स्वभावातल्या या निवांतपणाचा हिशोब शरीरात लागतो. विश्रांतीत घोड्याच्या हृदयाचे ठोके मिनिटाला तीस-चाळीस, भरधाव दौडीत दोनशेच्या वर. बिथरलेला घोडा उभ्या उभ्या घाम गाळतो, शांत घोडा तेच बळ वाटचालीसाठी राखतो.

फेब्रुवारी 1728 मध्ये बाजीराव आमच्या खानदेशात, बेटावदला होते. वय सत्तावीस. जड तोफखाना सोबत नाही, नुसते घोडे. पुण्याकडे गेलेल्या निजामाला त्यांनी माघारी फिरायला लावलं, त्याच्या तोफा मागे रेंगाळल्या आणि 25 फेब्रुवारीला पालखेडजवळ तो कोंडला गेला. मराठ्यांनी पाणी तोडलं. एका घोड्याला दिवसाला साधारण 25 ते 40 लिटर पाणी लागतं. छावणीत हत्ती, बैल आणि माणसं वेगळीच. 6 मार्चला मुंगी-शेवगावचा तह झाला.