गुरगुरणं थांबलं, भीती तशीच राहिली

आमचा कुत्रा मोती आमच्याकडे आला तेव्हा सव्वा वर्षाचा होता. एक कुटुंब परदेशी निघालं होतं, त्यांनी विश्वासानं आमच्या हाती सोपवलेला. अंगानं दणकट, स्वभावानं लोभस. अडचण एकच होती. जेवणाच्या वाडग्याजवळून कुणी गेलं की त्याचं खाणं थांबायचं. तोंड वाडग्यातच, पण अंग लाकडासारखं ताठ, डोळ्यांचा पांढरा भाग कडेनं दिसू लागायचा आणि घशातून खोल गुरगुर यायची.

ओळखीतून एक ट्रेनर आले. पाच मिनिटं बघून म्हणाले, "ताई, हा स्वतःला घरातला अल्फा, म्हणजे कळपाचा म्होरक्या, समजतो. याला एकदा याची जागा दाखवून द्यायला लागेल." त्यांनी मोतीला मानेला धरून उताणं पाडलं आणि तो अंग सैल सोडेपर्यंत दाबून धरलं. मग नियम सांगितले : आधी घरच्यांनी जेवायचं, नंतर त्यानं. दारातून आधी आपण. सोफ्यावर चढू द्यायचं नाही. गुरगुरला की लगेच उताणा. आम्ही मन लावून सगळं पाळलं आणि मोतीचं गुरगुरणं खरंच थांबलं. दहाव्या दिवशी बाबा वाडग्याशेजारी सांडलेला भात उचलायला वाकले आणि मोतीनं त्यांच्या हाताचा कडकडून चावा घेतला. आधी एकही आवाज न काढता.

बाबांच्या हाताला तीन टाके पडले. त्यानंतर मी या विषयावर हाताला लागेल ते वाचत सुटले.

'अल्फा' ही कल्पना ज्या अभ्यासातून आली तो कुत्र्यांचा नव्हता, लांडग्यांचा होता. स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या प्राणिसंग्रहालयात रुडॉल्फ शेंकेल यांनी लांडग्यांचं निरीक्षण केलं आणि 1947 मध्ये ते प्रसिद्ध केलं. साधारण 10 मीटर बाय 20 मीटरच्या कुंपणात दहापर्यंत लांडगे. आपल्याकडचे दोन ऐसपैस टू बीएचके फ्लॅट एकत्र केले तर होईल तेवढी जागा. ज्या प्राण्याच्या कळपाला रानात शेकडो चौरस किलोमीटरचा मुलूख लागतो, त्याला इथे भांडणातून बाजूला व्हायलाही कोपरा नव्हता. कुरघोड्या होणारच. वरच्या जागेवरचे लांडगे बाकीच्यांना सतत दबावाखाली ठेवतात, असं शेंकेलना दिसलं. त्यांनी पाहिलं ते खरंच होतं. चूक झाली ती पुढच्यांची, कोंडलेल्या लांडग्यांवरून सगळी लांडग्यांची जात ठरवली त्यांची.

ही चूक दुरुस्त करणारा माणूस तोच, ज्याच्यामुळे ती जगभर पसरली होती. अमेरिकेच्या डेव्हिड मीच यांच्या 1970 मधल्या पुस्तकानं 'अल्फा लांडगा' लोकांच्या तोंडी बसवला. पुढे 1986 पासून मीच कॅनडाच्या अगदी उत्तरेला, एल्समीअर बेटावर, दर उन्हाळ्यात एका कळपाच्या सहवासात राहू लागले. तिथले लांडगे माणसाला बुजत नव्हते, त्यामुळे पिलांच्या गुहेजवळ बसून त्यांचं जगणं बघता आलं. तो कळप म्हणजे सरळसरळ एक कुटुंब निघालं. आई, बाप आणि त्यांचीच लहानमोठी पोरं. पोरं जाणती झाली की घर सोडतात, जोडीदार शोधतात, वेगळा संसार थाटतात. गादीसाठी कुणी कुणाला लोळवत नाही. अशा आईबापांना 'अल्फा' म्हणण्यात काही अर्थ नाही, असं मीच यांनी 1999 च्या शोधनिबंधात मांडलं. आपलं जुनं पुस्तक छापणं बंद करा म्हणून ते प्रकाशकाच्या मागे लागले होते, ते 2022 मध्ये अखेर थांबलं. स्वतःच्या गाजलेल्या पुस्तकाविरुद्ध इतकी वर्षं चिकाटीनं उभा राहणारा हा शास्त्रज्ञ मला फार मोठा वाटतो.

आणि उताणं पाडण्याचं काय? लांडगा उताणा होतो तो बहुतेक वेळा आपण होऊन. समोरच्यानं धरून पाडलेलं नसतं. खुद्द शेंकेल यांनीच 1967 मध्ये शरणागतीवर वेगळा निबंध लिहिला आणि हे वागणं म्हणजे धाकट्यानं थोरल्याशी गोडीनं जुळवून घेण्याची धडपड आहे, असं सांगितलं. म्हणजे पोट दाखवणं ही देऊ केलेली गोष्ट आहे. ती हिसकावून घेतली की कुत्र्याच्या लेखी तो जिवावरचा हल्ला ठरतो. त्या दिवशी मोती अंग सैल सोडून पडला तेव्हा आम्हाला वाटलं, समजलं त्याला. आज तो प्रसंग आठवला की माझ्या पोटात कालवतं.

शिवाय कुत्रा म्हणजे घरात राहणारा लांडगा नव्हे. निदान 15,000 वर्षं तो माणसाच्या उकिरड्याशेजारी, चुलीशेजारी वाढलाय. आपल्या गल्लीतली कुत्री बघा. ती कळपानं शिकार करून जगत नाहीत, कचराकुंडी आणि चहाची टपरी यांवर जगतात. कोलकात्याच्या आयसर या संस्थेत अनिंदिता भद्रा आणि त्यांचे विद्यार्थी रस्त्यावरच्या अशाच कुत्र्यांचा अभ्यास करतात. त्यांनी 2017 मध्ये एक सुंदर गोष्ट दाखवली : अनोळखी माणूस पुन्हा पुन्हा भेटला, तर खाऊ देणाऱ्यापेक्षा डोक्यावरून हात फिरवणाऱ्यावर ही कुत्री जास्त विश्वास टाकतात. लाथा आणि दगड खाऊन मोठी झालेली कुत्री!

वर्चस्व वगैरे काही नसतंच, असं म्हणणारे मात्र दुसऱ्या टोकाला जातात. रोमच्या भटक्या कुत्र्यांच्या कळपात संशोधकांना उतरंड स्पष्ट दिसलीय, वयानं मोठी कुत्री वर आणि लहान खाली. पण प्राणीशास्त्रात वर्चस्व हे दोघांमधल्या नात्याचं वर्णन असतं. या हाडावरून या दोघांत कोण मागे सरतो, एवढंच ते सांगतं. 'हा कुत्रा डॉमिनंट आहे' हे वाक्य त्यामुळे मुळातच फसवं आहे. दारातून आधी धावणारा कुत्रा घराचा ताबा मागत नसतो, त्याला बाहेरचा वास आलेला असतो. वाडग्यावर गुरगुरणारा मोती राज्य करत नव्हता. आपलं जेवण जाईल, या भीतीनं तो आखडला होता.

धाकाची पद्धत लांडग्यांच्या सिद्धान्ताहूनही जुनी. जर्मनीतल्या पोलिसी कुत्र्यांचे प्रशिक्षक कोनराड मोस्ट यांनी 1910 मध्येच पट्ट्याला हिसका देण्याचं, शिक्षेचं तंत्र लिहून ठेवलं होतं. लांडग्यांच्या गोष्टीनं त्याला शास्त्राचा अंगरखा मिळाला, आणि 2004 पासून अमेरिकी टीव्हीवर आलेल्या सीझर मिलान यांच्या कार्यक्रमानं तो जगभर मिरवला.

दुसरी वाट पाण्यातून आली. कॅरन प्रायर 1963 पासून हवाईत डॉल्फिनना शिकवत होत्या. डॉल्फिनच्या गळ्यात चोक चेन, म्हणजे ओढली की गळा आवळणारी साखळी, घालता येत नाही. रागावलात तर तो टाकीच्या दुसऱ्या टोकाला निघून जातो. हाती उरतात एक शिट्टी आणि बादलीभर मासे. हवं ते वागणं घडलं की त्याच क्षणी शिट्टी, मग मासा. कुत्र्यांसाठी वापरतात तो टिकटिकणारा क्लिकर याच तत्त्वावर चालतो. आवाज नेमका क्षण पकडतो, खाऊ मागून येतो. ज्या वागण्याचं चांगलं फळ मिळतं ते वाढतं, हे तर एडवर्ड थॉर्नडाइक यांनी पेटीत कोंडलेल्या मांजरांवरून 1898 मध्येच दाखवलं होतं.

शिक्षेनंही वागणं बदलतं, हे मान्य करायला हवं. नाहीतर ती इतकी वर्षं टिकली नसती. अडचण अशी की आपण शिक्षा कशासाठी केली हे कुत्र्याला कळत नाही. दुखलं त्या क्षणी समोर काय होतं, ते मात्र त्याच्या मनात पक्कं बसतं. रस्त्यात दुसरं कुत्रं दिसल्यावर भुंकला म्हणून गळ्याला हिसका बसला, की हळूहळू समीकरण तयार होतं : कुत्रं दिसलं की गळा दुखतो. समोर लहान मूल असेल तर तेच समीकरण मुलाशी जुळतं. आणि गुरगुरण्याला शिक्षा केली तर भीती जागेवरच राहते, फक्त ती सांगायची सोय जाते. आमच्या घरात नेमकं हेच घडलं.

कुत्र्याचा चेहरा वाचण्यात आपण किती चुकतो, हे अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी 2009 मध्ये दाखवलं. चपला फाडल्यावर कान पाडून, नजर चुकवून उभा राहणारा कुत्रा आपल्याला 'अपराधी' वाटतो. त्यांनी 14 पाळीव कुत्र्यांवर प्रयोग केला. मालक खोलीबाहेर असताना कधी कुत्र्यानं नको म्हटलेला खाऊ खाल्ला, कधी नाही. पण मालकाला दर वेळी खरं सांगितलं जाईच असं नाही. अपराधी चेहरा कुत्र्यानं खाल्लं की नाही यावर ठरला नाही, मालक रागावला की नाही यावर ठरला. निरपराध असून बोलणी खाल्लेल्या कुत्र्यांत तर तो जास्तच ठळक होता. ज्याला आपण पश्चात्ताप म्हणतो, तो 'माझ्यावर रागावू नका ना' एवढाच निरोप असतो.

2009 मध्येच मेघन हेरॉन आणि सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या दवाखान्यात आलेल्या 140 कुत्र्यांच्या मालकांना, कोणते उपाय करून पाहिले, असं विचारलं. कुत्र्याला मारणाऱ्या किंवा लाथ घालणाऱ्यांपैकी 43 टक्क्यांना उलट आक्रमकता दिसली होती, उताणं पाडणाऱ्यांपैकी 31 टक्क्यांना. ही कुत्री आधीच बिथरलेली म्हणून दवाखान्यात आलेली होती, शिवाय माहिती मालकांच्या आठवणीतली, त्यामुळे हा आकडा सगळ्या कुत्र्यांना लावता येणार नाही. म्हणून पोर्तुगालमधला 2020 चा अभ्यास मला जास्त मोलाचा वाटतो. तिथे 92 कुत्र्यांचं प्रत्यक्ष निरीक्षण झालं, लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणात वाढणारं संप्रेरक, मोजलं गेलं. शिक्षेवर भर असलेल्या वर्गांतली कुत्री जास्त वेळा ओठ चाटत होती, जांभया देत होती, आणि वर्गानंतर त्यांचं कॉर्टिसॉल जास्त वाढलेलं होतं. नंतर त्यांना एक कोडं घातलं. एका बाजूच्या वाडग्यात नेहमी खाऊ, दुसऱ्या बाजूचा नेहमी रिकामा. मग वाडगा मधोमध ठेवला. ज्यांनी शिक्षा सोसली होती ती कुत्री त्याच्याकडे सावकाश गेली, जणू तो रिकामाच असणार.

यावर नेहमीचा आक्षेप असा की खाऊ दिला की कुत्रा लाचखोर होतो, डोक्यावर चढून बसतो. लाच आधी दाखवतात, बक्षीस नंतर मिळतं, हा फरक इथे फार मोठा आहे. सवय पक्की झाली की खाऊ कधीमधीच द्यायचा, बाकी वेळा शाबासकी, चेंडू, फिरणं. आणि या पद्धतीतही शिस्त असते. पाहुण्यांवर उड्या मारणाऱ्या कुत्र्याकडे कुणी बघायचं नाही, चारही पाय जमिनीवर आले की लाड. घरातल्या सगळ्यांनी हे पाळायला लागतं, आणि तेच खरं अवघड आहे. अमेरिकेतल्या प्राणीवर्तनाच्या डॉक्टरांच्या संघटनेनं 2008 मध्ये वर्चस्वाच्या सिद्धान्तावर आधारलेल्या उपायांविरुद्ध भूमिका जाहीर केली, 2021 मध्ये बक्षिसाचीच पद्धत सगळ्या कुत्र्यांसाठी सुचवली. वेल्समध्ये विजेचा झटका देणारे पट्टे 2010 पासून बेकायदा आहेत.

मोतीला पशुवैद्यांनी आधी तपासलं, कुठे दुखत नाही ना याची खात्री केली. मग आम्ही रोज एकच गोष्ट केली. तो जेवत असताना लांबून चालत जायचं, जिथे तो आखडत नाही एवढ्या अंतरावरून, आणि जाता जाता उकडलेल्या कलेजीचा तुकडा त्याच्याकडे टाकायचा. थांबायचं नाही, बघायचं नाही. तो गुरगुरला तर रागवायचं नाही, दुसऱ्या दिवशी अंतर वाढवायचं. पहिले काही दिवस तो तुकडा खाऊन पुन्हा ताठ व्हायचा. तिसऱ्या आठवड्यात माझी पावलं ऐकून त्याची शेपूट हलली. मधे एकदा, दिवाळीत घर पाहुण्यांनी भरलेलं असताना, तो पुन्हा गुरगुरला. आई चटकन दोन पावलं मागे झाली, त्याला म्हणाली, "बरं झालं सांगितलंस रे," आणि तेव्हापासून पाहुणे असले की त्याचा वाडगा आतल्या खोलीत जाऊ लागला.

काल बाबा जेवणाच्या वेळी वर्तमानपत्र घेऊन त्याच्या शेजारून गेले. हातात कलेजी नव्हती. मोतीनं वाडग्यातून मान वर केली, त्यांच्या रिकाम्या हाताचा, त्याच हाताचा, वास घेतला आणि परत भात खायला लागला.