घट बसले त्या दिवशी मी काठीची सावली मोजत होतो

२२ सप्टेंबर २०२५, सोमवार. आमच्याकडे घट बसायचा दिवस. चाळीसगावकडचं घर, आई सकाळपासून शेतातली काळी माती चाळून टोपलीत भरतेय, रात्रीच भिजवलेले गहू-ज्वारी बाजूला वाटीत, आणि मी अंगणात मीटरभराचा बांबू ठोकतोय, ओळंबा लावून सरळ करतोय. शेजारचे नाना कुंपणावरून बघत होते. "काय करी राह्यना रे भो?" म्हटलं सावली मोजतोय. "मोजीसन काय करशी?"

प्रश्न बरोबर होता, तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही म्हणून आता लिहितोय.

त्याच दिवशी रात्री ११ वाजून ४९ मिनिटांनी शरद संपात होता. म्हणजे सूर्य विषुववृत्ताच्या बरोबर वर येऊन दक्षिणेकडे सरकला. शाळेत आपण सगळ्यांनी पाठ केलंय की या दिवशी दिवस आणि रात्र सारखे असतात. आता चाळीसगावचा त्या दिवशीचा सूर्योदय बघा, साधारण ६:१९, सूर्यास्त ६:२६. मोजा. बारा तास सात मिनिटं! मग हे सारखं कुठून झालं?

गंमत अशी आहे की सकाळी क्षितिजावर सूर्याची पहिली कड दिसते ना तेव्हा खरा सूर्य अजून पूर्ण खालीच असतो, हवा त्याचे किरण वाकवून आपल्याला आधीच दाखवते, संध्याकाळी पण तसंच, बुडालेला सूर्य थोडा वेळ दिसतच राहतो. शिवाय सूर्योदय आपण सूर्याच्या वरच्या कडेवरून मोजतो, मधल्या बिंदूवरून नाही. ही दोन्ही मिळून आपल्या अक्षांशावर सात मिनिटांची फुकटची कमाई होते. इथे या काळात दिवस रोज सव्वा मिनिटाच्या आसपास लहान होत जातो, म्हणजे घड्याळावर खरंच बारा-बारा तास व्हायला आणखी सहा दिवस लागतात, २८ सप्टेंबरच्या सुमारास. व्हॉट्सअॅपवर दरवर्षी "आज समतोलाचा दिवस, अंडं उभं राहतं" असं फिरतं त्यांना हे कोणी सांगावं. (अंडं कुठल्याही दिवशी उभं राहतं, धीर पाहिजे फक्त.)

पण सावलीचं मात्र खरं आहे. इतर दिवशी काठीच्या सावलीचं टोक जमिनीवर वाकडी रेघ काढतं, संपाताच्या दिवशी ती रेघ सरळ येते, अगदी पश्चिम-पूर्व. सूर्य तापीच्या वाटेनं पश्चिमेला जातो आणि सावली गिरणेच्या वाटेनं पूर्वेला. मी दर पंधरा मिनिटांनी टोकाला खडा ठेवत गेलो. साडेअकरापर्यंत सहा खडे एका रांगेत, मी खूश, आणि मग ढग आला. आमच्याकडे सप्टेंबरचं ऊन म्हणजे उधारीचं. सूर्य बरोबर दक्षिणोत्तर रेषेवर येतो ती वेळ आमच्या गावी १२ नाही तर १२ वाजून २३ मिनिटं (आपलं घड्याळ पार पूर्वेकडच्या साडेब्याऐंशी रेखांशाचं आहे ना), आणि १२:१५ पासून सगळं अंधुक. १२:२४ ला मिनिटभर उघडलं तेवढ्यात टेप लावला. ३७ सेंटिमीटर.

आता हा ३७ चा आकडा फालतू नाहीये. १०० ची काठी, ३७ ची सावली, मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर भागाकार करून उलटा टॅन दाबला की २०.३ अंश येतात, आणि चाळीसगावचा अक्षांश साडेवीसच्या जवळ. उपग्रह नाही, इंटरनेट नाही, बांबू आणि टेप. वर्षातल्या बाकी दिवशी पण हे करता येतं पण मग सूर्य त्या दिवशी विषुववृत्तापासून किती लांब आहे ते आधी माहीत लागतं, संपाताला ते शून्य असतं म्हणून हिशोब एकदम स्वच्छ होतो.

जुने लोक नेमकं हेच करायचे. त्यांची काठी म्हणजे शंकू, बारा अंगुळं उंच, आणि संपाताच्या दिवशी मध्यान्हीला पडणाऱ्या त्याच्या सावलीला नाव होतं पलभा. माझ्या ३७ चं अंगुळात केलं तर साडेचारला जरा कमी. म्हणजे आमच्या गावची पलभा साडेचार धरा. या एका आकड्यावर त्या गावाच्या सूर्योदय-सूर्यास्ताचा हिशोब चालायचा. पलभेला १० नं, ८ नं आणि १० भागिले ३ नं गुणायचं, साडेचारचे ४५, ३६ आणि १५ येतात, बेरीज ९६ पळं. एक पळ २४ सेकंदांचं, म्हणजे ३८ मिनिटं. जूनमधल्या सर्वात मोठ्या दिवशी सूर्य इथे सहा वाजेच्या (घड्याळाच्या नाही, गावच्या सूर्यवेळेच्या) ३८ मिनिटं आधी उगवतो आणि तेवढाच उशिरा मावळतो असा त्याचा अर्थ. मी आधुनिक सूत्रानं ताडून पाहिलं तर ३७ आणि काही सेकंद आले! जेमतेम मिनिटभराचा फरक, तोही तोंडी हिशोबात. मला तर हे देवळापेक्षा कमी वाटत नाही.

आणि देऊळ पण जवळच आहे. चाळीसगावपासून थोड्याच अंतरावर गौताळ्याच्या जंगलात पाटणादेवी, आमच्याकडचे अर्धे लोक नवरात्रात तिथे जाऊन येतात. याच पाटणच्या देवळात एक शिलालेख आहे, भाऊ दाजी लाड यांनी तो १९व्या शतकात उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी, त्यानं आजोबांचे ग्रंथ शिकवायला इथे मठ काढला असं त्यात आहे. म्हणजे १३व्या शतकाच्या सुरुवातीला मठातली पोरं याच डोंगराखाली बसून सावली, गोल, ग्रहणं शिकत होती. भास्कराचार्य जन्मले १११४ मध्ये आणि सिद्धांतशिरोमणी लिहिला ११५० मध्ये, वय ३६. त्यांचं विज्जडविड हे गाव म्हणजे पाटणच का यावर अभ्यासकांचं एकमत नाही, आमच्याकडे मात्र या विषयावर वाद घालायला कोणी येऊ नये.

बरं, आध्यात्मिक अर्थाचं काय. संपात नावाचा सण आपल्याकडे नाही पण त्याच्या आजूबाजूला केवढी गर्दी आहे बघा. आदल्या दिवशी, २१ ला, सर्वपित्री अमावस्या होती. खीर, कढी, वडे, गिलक्याची भजी, गंगाफळाची भाजी, आणि छतावर कावळ्यासाठी घास ठेवून "ये ना रे बाबा" म्हणत सगळे उन्हात उभे. दुसऱ्या दिवशी घट. मधेच भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत पोरींची भुलाबाई, रोज संध्याकाळी गाणी आणि डब्यात खाऊ काय ते ओळखायचं. आधी पितर मग देवी, हा क्रम मला लहानपणापासून विचित्र वाटायचा. शतपथ ब्राह्मणात याचा एक धागा सापडतो, त्यात वसंत, ग्रीष्म, वर्षा हे देवांचे ऋतू आणि शरद, हेमंत, शिशिर हे पितरांचे. वर्षाचे दोन तुकडे. आणि पावसाळा संपून शरद लागतो ते याच दिवसांत.

सूर्यसिद्धांतात तर अजून भारी आहे. देव राहतात मेरूवर, म्हणजे उत्तर ध्रुवावर, आणि त्यांचा दिवस सहा महिन्यांचा नि रात्र सहा महिन्यांची. वसंत संपाताला त्यांच्याकडे सूर्य उगवतो, शरद संपाताला मावळतो. ही कथा नाही हो, उत्तर ध्रुवावर खरंच असंच होतं! म्हणजे आम्ही अंगणात खडे मांडत होतो तेव्हा देवांच्या घरी दिवेलागण चालू होती. फक्त त्यात एक बारीक दुरुस्ती, वसंत संपातापासून शरद संपातापर्यंत १८६ दिवस होतात आणि परतीला १७९, कारण जुलैत पृथ्वी सूर्यापासून लांब असते आणि तेव्हा ती हळू चालते. देवांचा दिवस रात्रीपेक्षा आठवडाभर मोठा आहे. देवच ते.

जपानमध्ये याच दिवसांत ओहिगान असतो, सात दिवस, मधला दिवस संपाताचा आणि त्याची १९४८ पासून सरकारी सुट्टी. लोक पूर्वजांच्या थडग्यांवर जातात, साफसफाई करतात, गोड गोळे ठेवतात. हिगान म्हणजे पैलतीर. त्यांच्या समजुतीत अमिताभ बुद्धाचा स्वर्ग पश्चिमेला आहे आणि या दिवशी सूर्य बरोबर पश्चिमेला मावळतो म्हणजे त्या दिवशी पैलतीराची दिशा सूर्यच दाखवतो. ते वाचून मला आमचं छतावरचं पान आठवलं. इराणात मेहर महिना संपाताच्या सुमारासच सुरू होतो, मेक्सिकोत चिचेन इत्झाच्या पिरॅमिडवर पायऱ्यांची सावली सापासारखी उतरताना बघायला हजारो लोक जमतात, युरोप-अमेरिकेतले नवे निसर्गपूजक "माबोन" करतात पण ते नाव १९७०च्या दशकातलं आहे, आमच्या गावच्या एसटी स्टँडपेक्षाही नवं असेल कदाचित.

एक घोळ मात्र सांगायलाच पाहिजे. आपल्या धर्मशास्त्रात विषुव, म्हणजे संपातच, हा पुण्यकाळ आहे, दान करा, स्नान करा, सगळं आहे, पण पंचांगात तो येतो तूळ संक्रांतीला, १७ ऑक्टोबरच्या आसपास. आकाशातला विषुव २२ सप्टेंबरला होऊन गेलेला असतो! पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलतो, दर ७२ वर्षांनी एक अंश, आणि आपली राशीची गणना ताऱ्यांना बांधलेली, त्यामुळे साधारण १७०० वर्षांपूर्वी जे दोन दिवस एकच होते ते आता २४-२५ दिवस लांब गेलेत. संक्रांतीचं पण हेच, उत्तरायण २१-२२ डिसेंबरला सुरू आणि तिळगूळ १४ जानेवारीला. तूळ म्हणजे तराजू, दिवस-रात्र तोलणारी रास, आणि संपाताला सूर्य असतो कन्येत. भास्कराचार्यांना हे सरकणं माहीत होतं, त्यांनी सिद्धांतशिरोमणीच्या गोलाध्यायात लिहिलंय, त्याला ते अयनचलन म्हणतात. आपण मात्र मठ बंद पडल्यावर मोजणं सोडलं आणि तारीख धरून ठेवली, असं माझं मत. आई म्हणते देवाला तारीख कळते का. ते पण आहेच.

नवरात्र तर चंद्रावर चालतं म्हणून अजूनच हलतं, २०२३ ला घट १५ ऑक्टोबरला बसले, २०२४ ला ३ ऑक्टोबरला, यावेळी थेट संपाताच्या दिवशी. चांद्रवर्ष ११ दिवसांनी छोटं, मागे मागे येत राहतं आणि अधिक महिना आला की परत पुढे ढकललं जातं. पण ते संपातापासून फार लांब कधीच जात नाही. आणि वर्षात मोठी नवरात्रं दोन, शारदीय आणि चैत्री, दोन्ही एकेका संपाताजवळ. वणीच्या सप्तशृंगीची गर्दी पण दोनदाच उसळते, चैत्रात आणि नवरात्रात, चैत्रात तर आपले खान्देशातले लोक पायी जातात.

२३ ला मी परत मोजलं, यावेळी ऊन कडक. संपात मध्यरात्रीच्या जवळ झाल्यामुळे २२ ची दुपार त्याच्या बारा तास आधी आणि २३ ची बारा तास नंतर, दोन्ही सारख्याच लांब. सावलीत फरक पडायला हवा होता ८ मिलिमीटरचा. पण सूर्य म्हणजे टाचणीचं टोक नाही, अर्धा अंश रुंद गोळा आहे, त्यामुळे मीटरभर काठीच्या सावलीचं टोक सेंटिमीटरभर पुसट असतं. काळी कुठे संपली आणि फिकी कुठे सुरू झाली यावर माझं नि पुतण्याचं भांडण. ३७ का साडेसदतीस, दोघांनी वेगळं लिहिलं. म्हणजे काठीनं संपाताचा दिवस पक्का सांगता येत नाही, आज का उद्या एवढंच कळतं, आणि हे कळायला मला दोन दिवस आणि एक भाजलेली मान लागली.

आत देवघरात सातव्या माळेपर्यंत घटाचं धन वीतभर झालं होतं, पिवळंधमक, कारण खोलीत उजेड कमी आणि उजेडाशिवाय हिरवा रंग तयारच होत नाही, कोंब नुसते उंच पळतात. दसऱ्याला ते टोपीत खोचलं तेव्हा नानांनी विचारलं, "मंग, काय निंघनं तुनी सावलीमा?" म्हटलं साडेचार अंगुळं.

यानंतरचा संपात २० मार्च २०२६, आणि गुढीपाडवा आदल्या दिवशी, १९ ला. दारात आयता सरळ उंच बांबू उभा असणार. त्या दिवशी सूर्य दक्षिणोत्तर रेषेवर येतो १२ वाजून ३८ मिनिटांनी. फक्त साडी आणि गाठी पाचेक मिनिटं उतरवाव्या लागतील, टोक नीट दिसायला, आणि ते आईला अजून सांगितलेलं नाही.